पहाऱ्याची सावड

आवडा खडवलीला नांदायला आली तेव्हा तिचा नवरा घरी नव्हता. लग्न लहानपणीच झालेलं. मुंडावळ्यांच्या आडून त्याचा चेहरा तिला जेवढा दिसला होता तेवढाच. ती वयात आली तशी माहेरच्यांनी तिला भातसा नदी उतरवून सासरी आणून सोडलं. उंबऱ्यावर तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळताना सासूने, रखमाबाईने, जमलेल्या बायकांना सांगितलं की महिपत कराचीला आहे, पलटणीत. एका बाईने विचारलं, कराची म्हणजे मुंबईच्या अलीकडे की पलीकडे. रखमाबाईला ते ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, पुष्कळ पलीकडे.

महिपत पलटणीत गेला तो घरच्यांना न सांगता. मोठा भाऊ धोंडीबा आणि तो भाताची गाडी घेऊन कल्याणच्या बाजाराला गेले होते. तिथे भरतीचा हवालदार आला होता. त्याचा फेटा, त्याची चाल आणि त्याच्याभोवती जमलेली पोरं पाहून महिपत जो मागे गेला तो गेलाच. रिकामी गाडी धोंडीबाने एकट्याने परत आणली. त्यानंतर वर्षाच्या आत त्यांचा बाप वारला. मुलाच्या धसक्याने म्हातारा गेला असं गाव म्हणे. खरं तर तो तापाने गेला होता, पण धोंडीबाने गावाचं म्हणणं कधी खोडून काढलं नाही.

आवडाची पहिली वर्षं मात्र वाईट गेली नाहीत. पलटण कराचीहून पुढे अफगाणांच्या मुलखात लढाईवर गेली आणि घराची कळा बदलली. कंदाहारचं गावाने 'खंदार' करून टाकलं होतं. पाटील जाता-येता ओट्यावर टेकून खंदारची खबर विचारी. देवळात रखमाबाईला बायका पुढे जागा देत. आवडालाही त्या मानाचा वाटा मिळे. नवरा लढाईवर असलेल्या सुनेला फार बोलू नये एवढं सगळ्यांना कळत होतं. लावणीच्या दिवसांत एक माणूस कमी पडे, पण त्याचा राग कोणाच्या मनात येत नसे. तो समुद्रापलीकडे, डोंगरांपलीकडे होता. त्याला हाक मारूनही ऐकू जाणार नव्हती.

लढाई संपली आणि महिपत धडधाकट परत आला. बाहीवर नाइकाच्या फिती होत्या, उजव्या कानाच्या खाली भाजल्यासारखा एक डाग होता, आणि बोलणं पूर्वीपेक्षा कमी झालं होतं. त्याला लांबलचक रजा मिळाली होती. त्या रजेत आवडाने आपला नवरा पहिल्यांदा नीट पाहिला. तो पहाटेच्या आधी उठे, आपली वळकटी आपणच गुंडाळून ठेवी, आणि तिने पाणी दिलं की तांब्या दोन्ही हातांनी घेई. तो तिला आवडला. रजा संपून तो गेला तेव्हा तिला दिवस गेले होते, आणि मुलगी झाली ती त्याने पाहिली तेव्हा ती चालायला लागली होती. तिचं नाव ठकू.

मग एक दिवस निरोप आला की पलटण मुंबईला येते आहे आणि तिची एक तुकडी ठाण्याला राहणार आहे. किल्ल्याच्या दारावर आणि खजिन्यावर पहारा द्यायचा. महिपत त्या तुकडीत होता. घरात आनंदीआनंद झाला. रखमाबाईने देवाला नारळ फोडला. ठाणं म्हणजे काय, आपलंच. सकाळी आगगाडीत बसलं की कल्याण, आणि कल्याणहून रुळांच्या कडेकडेने चालत आलं तरी दिवस कलायच्या आत घरी. आता लावणीला तो असेल, कापणीला असेल, सणावाराला असेल. धोंडीबाने त्या वर्षी पलीकडच्या ओढ्याकाठचं पडीक खाचरही लावायचं ठरवलं, दोन हात जास्त येणार म्हणून.

ते हात आले नाहीत. तुकडी लहान आणि पहाऱ्याच्या जागा ठरलेल्या. एक दिवस-रात्र पहारा, दुसऱ्या दिवशी कवायत आणि छावणीची कामं, तिसरा दिवस मोकळा. खडवलीला जायला अर्धा दिवस, यायला अर्धा दिवस, असा तो मोकळा दिवस जाण्यायेण्यातच संपे. पावसाळ्यात ताप सुरू झाला की आजाऱ्यांच्या पाळ्या धडधाकटांवर पडत आणि तोही दिवस उरत नसे. महिपत कधी तरी भलत्याच वेळी उगवे. चिखलाने माखलेला, गुडघे धरून ओट्यावर बसे, ठकूला मांडीवर घेई, दोन घास खाई आणि परत निघे. त्याच्या येण्याने काम काही होत नसे, उलट त्याच्यासाठी एकीला शेतातून घरी यावं लागे.

त्या आषाढात ओढ्याकाठचं खाचर तसंच राहिलं. लावणीसाठी तरव्यात वाढवलेली रोपं तिथेच पिवळी पडली. एका संध्याकाळी हातपाय धुताना धोंडीबा कोणालाच उद्देशून नाही असं बोलला.

"खंदारला होता तेव्हा बरा होता. तेव्हा निदान वाट तरी बघत नव्हतो."

आवडा चुलीपाशी होती. तिला ते वाक्य लागलं, कारण तिलाही नेमकं तेच वाटत होतं आणि तिने ते अजून स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. महिपत दूर असताना ती त्याला कशाचा दोष देत नव्हती. आता दर मोकळ्या दिवशी ती रस्त्याकडे पाही, आणि तो आला नाही की दुसऱ्या दिवशी तिचं कशातच लक्ष लागत नसे. तो जवळ आला होता तो जणू सगळ्यांना चिडवण्यापुरता.

कडेलोट झाला तो नंदाच्या लग्नात. नंदा ही दोघा भावांची धाकटी बहीण. बाप नसल्यामुळे कन्यादानाला धोंडीबा आणि त्याची बायको बसणार होते, आणि कानपिळीचा मान, म्हणजे नवऱ्या मुलाचा कान पिळून बहिणीला नीट सांभाळ असं बजावण्याचा मान, महिपतचा होता. त्याच्या रजेवर बेतून वैशाखातला मुहूर्त धरला होता. रजा मंजूर झाली होती. निघायच्या आदल्या दिवशी दुसऱ्या पहाऱ्याचा नाईक तापाने पडला, आणि नाइकाच्या जागी नाईकच लागतो. चूक कोणाचीच नव्हती. गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या, आणि कानपिळीला एक चुलत भाऊ पुढे झाला. महिपत पोचला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, वरात निघून गेल्यावर. मांडवात खरकट्या पत्रावळी होत्या आणि कुत्री होती. नंदासाठी आणलेलं लुगडं त्याने आईपुढे धरलं. रखमाबाईने ते घेतलं नाही. जमिनीवर ठेव म्हणाली.

तो गेल्यावर दोन दिवस गेले. मग तिने आवडाला जवळ बसवून घेतलं आणि सांगितलं की पोरीला घे आणि ठाण्याला जा.

"त्याचं आता माझ्याकडे लक्ष नाय. तुझ्याकडे असंल. त्याला म्हणावं, नाव कापून घे. घेऊनच ये त्याला. एकटी येऊ नको."

नाव कापून घेणं म्हणजे पलटणीच्या यादीतून आपलं नाव काढून मागणं. लढाई चालू नसेल आणि ठरलेली मुदत भरली असेल तर शिपायाला तसं मागता येत असे. महिपतची मुदत केव्हाच भरली होती.

धोंडीबाने तिला कल्याणपर्यंत पोचवलं. आगगाडीत ती पहिल्यांदाच बसली. खाडी आली तेव्हा तिने डोळे मिटून ठकूला घट्ट धरलं.

छावणीत पलटणीतल्या बायकामुलांसाठी कुडाच्या खोल्यांची एक ओळ होती. त्यातली एक महिपतला मिळाली. एक दार, एक चूल, मागे हातभर अंगण. आवडाने पहिल्या दिवशी जमीन सारवली आणि भिंतीला लिंपण केलं, आणि ते करताना तिच्या लक्षात आलं की आपण हे कोणाला न विचारता करतो आहोत. खडवलीच्या घरात मीठ किती घालायचं तेही सासू आणि थोरली जाऊ ठरवीत. इथे ती सकाळी उठून काय रांधायचं ते स्वतः ठरवी. एवढ्याशा गोष्टीने माणसाला बरं वाटू शकतं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि बरं वाटल्याची तिला थोडी लाजही वाटली, कारण ती कशासाठी आली होती ते ती विसरली नव्हती.

निरोप ती रोज पुढे ढकलत गेली. आधी तिला त्याचा दिवस पाहायचा होता. पहाटे बिगूल वाजे आणि सगळी ओळ एकदम जागी होई. महिपत पहाऱ्यावरून परत आला की बूट काढता काढता भिंतीला टेकून झोपे. तो झोपेत असतानाही शिपाई दाराशी येऊन घुटमळत. कोणाच्या पट्ट्याची कडी तुटलेली, कोणाचं भांडण, कोणाच्या घरी आई आजारी. तो उठे, ऐकून घेई, दोन शब्दांत सांगे आणि ती माणसं हलकी होऊन जात. खडवलीत त्याला कोणी काही विचारत नसे. तिथे तो धोंडीबाचा धाकटा भाऊ होता. कुठल्या खाचरात नांगर घालायचा हे त्याला सांगितलं जाई आणि तो घाली. आवडाला दिसत होतं की इथला माणूस आणि तिथला माणूस एक नाही, आणि आपल्याला इथल्याला उचलून तिथे नेऊन ठेवायला पाठवलं आहे.

शेवटी एका दुपारी जेवण झाल्यावर तिने सासूचे शब्द होते तसे सांगितले. आपल्या पदरचं काही घातलं नाही आणि काही गाळलंही नाही. महिपत बराच वेळ हात न धुता बसून राहिला. मग म्हणाला, "बघतो." तुला काय वाटतं हे त्याने विचारलं नाही. तिला वाटलं, विचारलं असतं तर बरं झालं असतं. आपण होऊन सांगायचं म्हणजे सासूच्या निरोपावर आपणच माती टाकल्यासारखं. ती उठून भांडी घासायला गेली.

शेजारच्या खोलीत गंगुबाई राहत असे. खेडकडची, मोठ्या आवाजाची, हसरी बाई. तिचा नवरा गोविंदा हाही नाईकच, नंदाच्या लग्नाच्या वेळी तापाने पडला होता तो हाच. त्याबद्दल गंगुबाईने पहिल्याच दिवशी येऊन, जणू ताप तिनेच आणला होता अशा तोंडाने, माफी मागितली होती. दोघींचं जमलं. एकाच जात्याला दोघी बसत. गंगुबाईचं दुःख वेगळं होतं. तिचं गाव इतकं लांब की चार-पाच दिवसांच्या सुटीचा उपयोगच नाही. बोटीने जायचं, मग डोंगर चढायचा. शिमग्याला गावच्या देवीची पालखी घरोघर येते, आणि तिच्या घरी पालखीला खांदा द्यायला गेली कित्येक वर्षं कोणी नव्हतं. गोविंदा दर शिमग्याला गुपचूप रडतो, हे तिने हसत हसत सांगितलं.

आवडा जात्याचा खुंटा धरून थांबली.

"आमच्याकडे लावणीला सावड असते," ती म्हणाली. "आज सगळी माणसं आमच्या खाचरात, उद्या शेजाऱ्याच्या. त्यांनी दिलेले हात आपण हातांनीच फेडायचे. तुमचे धनी शिमग्याला जातील तेव्हा आमच्यांनी त्यांच्या पाळीला उभं राहायचं. आषाढात उलटं."

गंगुबाईला ते एवढं सोपं वाटलं की तिला त्यात काहीतरी खोट असणार असं वाटलं. दोघींनी आपापल्या नवऱ्यांना सांगितलं. नाइकांनी आपसांत बोलून पाहिलं आणि सुभेदार परशुराम मोऱ्यांकडे गेले. सुभेदार चिपळूणकडचा जुना माणूस. तो म्हणाला की चोरून पाळ्या बदलणं चालतंच, ते त्याला दिसत नाही असं कोणी समजू नये. पण असं आधी ठरवून, त्याला सांगून, आजारी माणसाचा हिशेब धरून करणार असतील तर तो साहेबाच्या कानावर घालील. तुकडीचा कप्तान साहेब निवृत्तीला आलेला होता, मराठी बोलणारा. तो म्हणाला, पहाऱ्यावर माणसं पुरी उभी असली की मला दुसरं काही पाहायचं नाही.

त्या शिमग्याला गोविंदा आणि गंगुबाई गावी गेली. महिपतने दोन्ही पाळ्या काढल्या. डोळे लाल, गाल बसलेले, पण चेहरा प्रसन्न. आणि आषाढात तो खडवलीला आला तो लावणी संपेपर्यंत राहण्यासाठी. आवडा ठकूला घेऊन आधीच आली होती, पण एकटी आली म्हणून सासूने तिच्याशी सरळ बोलणं टाकलं होतं. महिपत इरलं घेऊन चिखलात उतरला तेव्हा रखमाबाई बांधावर आली, पाहत उभी राहिली आणि परत गेली. त्या दिवशी जेवताना तिने आवडाच्या ताटात आपल्या हाताने भात वाढला. महिपतच्या ओळी दोरी लावल्यासारख्या सरळ येत होत्या. बायका हसल्या. धोंडीबा म्हणाला, पिकाला परेड करायची नाही. पण म्हणताना तोही हसत होता. ओढ्याकाठचं खाचर त्या वर्षी हिरवं झालं.

पावसाळ्यानंतर आवडा पुन्हा ठाण्याला गेली तेव्हा रखमाबाईने तिला जाऊ दिलं. नाव कापायचा विषय निघाला नाही. ते वर्ष आवडाच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष. सकाळी मासुंद्याच्या तळ्यावर धुणं, दुपारी जातं, संध्याकाळी पोरींचा गलबला, आणि आषाढात आपलं माणूस घरी येणार याची खात्री. छावणीत महिपतला हवालदारकी मिळणार अशी बोलवा होती. आपण इथेच राहावं, असं आवडाला मनापासून वाटत होतं. ते तिने गंगुबाईलाही सांगितलं नाही. महिपतला सांगायचं तर तसा प्रसंगच आला नाही. सगळं ठीक चाललेलं असताना कोण असं बोलायला बसतं.

दुसरा शिमगा आला, गोविंदा गावी जाऊन आला. महिपतच्या पाळ्या देऊन झाल्या होत्या, फेड आषाढात मिळायची होती. वैशाखात जुना साहेब विलायतेला गेला आणि नवा आला. तरुण, ताठ, पण दुष्ट नव्हे. आधीच्या ठिकाणी त्याने पाहिलं होतं की पाळ्या बदलायची मुभा दिली की दांडगे शिपाई गरीब शिपायांच्या गळ्यात आपले पहारे बांधतात. ते त्याला इथे होऊ द्यायचं नव्हतं. त्याने हुकूम काढला: ज्याच्या नावाची पाळी, त्यानेच उभं राहायचं. सुभेदाराने समजावून पाहिलं. साहेबाने ऐकून घेतलं आणि म्हणाला की एकाला सूट दिली की नियम राहत नाही. आपल्या परीने तो न्यायच करत होता.

हे झालं तेव्हा आवडा पेरणीसाठी खडवलीला गेलेली होती. ठाण्याला काय घडलं ते तिला पुढे गंगुबाईकडून कळलं. गोविंदाला तोंड दाखवायला जागा उरली नाही. घेतलेलं परत देता येत नव्हतं. तो साहेबापुढे जाऊन उभा राहिला आणि सावड म्हणजे काय ते सांगू लागला, पण दुभाष्याला तो शब्द नीट उलगडता आला नाही. महिपत मात्र कोणाशी भांडला नाही. दोन दिवस त्याने आपला पहारा नेहमीसारखा काढला आणि तिसऱ्या दिवशी सुभेदाराला सांगितलं की माझं नाव कापा.

सुभेदाराने त्याला बसवून घेतलं. हवालदारकी दाराशी आली आहे, अजून काही वर्षं काढलीस तर पेन्शन, आणि कंदाहारातून जो माणूस पळाला नाही तो एका पाळीवरून जातो म्हणजे लोक काय म्हणतील. महिपत म्हणाला, "तिथं मी घरी कोणाला शब्द दिलेला नव्हता. इथं लावणीचा शब्द दोनदा दिला आणि एकदाच पाळला. तिसऱ्यांदा द्यायचं तोंड नाय माझ्याकडं." त्याच महिन्यात भिवंडीकडचा एक आणि मुरबाडकडचा एक अशा दोघा शिपायांनीही नावं कापून मागितली. साहेबाला नवल वाटलं. लढाई नाही, रोगराई नाही, आणि जवळ घर असलेली माणसंच कशी जातात हे त्याला कळेना.

कागद वर जाऊन खाली येईपर्यंत आषाढ निघून गेला. महिपत पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन खडवलीला आला तेव्हा श्रावण लागला होता आणि सगळी खाचरं लावून झाली होती. तो पेटी ओट्यावर ठेवून बांधापर्यंत गेला, हिरव्या शेताकडे पाहत उभा राहिला आणि परत आला. रखमाबाईने त्याच्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या आणि गावभर सांगितलं की सुनेने मुलगा आणला. आवडा आत भाकऱ्या थापत होती. बायका येऊन तिचं कौतुक करत होत्या. तिला ठाण्याची खोली आठवत होती. परत येणारच म्हणून तिने आपली भांडीसुद्धा आवरली नव्हती, गंगुबाईवर सोडून आली होती.

शेती महिपतला परकी नव्हती, पण घरात त्याची जागा नेमकी कोणती हे कोणालाच ठरवता येईना. धोंडीबाला नाईक राहिलेल्या भावाला काम सांगताना अडखळायला होई, आणि सांगितलं नाही की महिपत काम संपवून हात बांधून उभा राही. शेतातल्या कामाला संपण्याची वेळ नसते हे तो हळूहळू पुन्हा शिकला. तो चिडत नसे, कुरकुरत नसे. फक्त कधी कधी दुपारी अंगणात उगाच उभा असे, बदली माणूस यायची वाट पाहिल्यासारखा. आवडा ते पाही आणि आत जाई. त्याने हे आपल्यासाठी केलं असं ती धरून चालली होती, आणि जे आपल्यासाठी केलं ते नको होतं असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

अशी चार-पाच वर्षं गेली. मग एका माघात सुभेदार मोरे दारात आले. आता ते पेन्शनीत होते, शहापूरला पुतणीकडे निघाले होते, वाटेत नाइकाला भेटून जावं म्हणून थांबले. महिपतने त्यांना पाहिलं आणि त्याची टाचेला टाच लागली. सगळे हसले. ओट्यावर घोंगडी अंथरली, गूळपाणी झालं. जुन्या गोष्टी निघाल्या. गोविंदा हवालदार होऊन ब्रह्मदेशात जाऊन आला होता. आवडा पाण्याचा तांब्या ठेवायला बाहेर आली तेव्हा सुभेदार हसून, पण अगदी सहज नव्हे, म्हणाले, "बाई, आमचा चांगला हवालदार तुम्ही नेलात बरं का."

हे ती गेली कित्येक वर्षं स्तुती म्हणून ऐकत आली होती. त्या दिवशी ते तक्रार म्हणून समोर आलं, आणि तिला ते पहिल्यांदाच खोडावंसं वाटलं. तिने पदर सारखा केला.

"मी नाय नेलं त्यांना," ती म्हणाली. "मला न्यायला धाडलं होतं. मी तिथं गेले आणि मला वाटलं, आपण तिथंच राहावं. शेवटपर्यंत तेच वाटत होतं."

महिपत तिच्याकडे पाहत राहिला. सुभेदाराला आपण कुठे पाय टाकला ते कळलं असावं. त्यांनी ऊन चढल्याचं निमित्त केलं आणि लवकरच निघाले. महिपत त्यांना वेशीपर्यंत पोचवून आला. संध्याकाळी गोठ्यात आवडा गवत टाकत असताना तो आत आला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

"मला वाटलं, तुला मी घरी हवा होतो."

"तुम्ही हवे होतात," ती म्हणाली. "इथं, असं मी कधी म्हटलं नाय."

"म्हणायचंस तरी."

हातातलं गवत तिने बैलापुढे टाकलं. मग म्हणाली की म्हणायला हवं होतं, आणि तुम्हीही विचारायला हवं होतं. दोघंही बैलाच्या पाठीवरून हात फिरवत बराच वेळ तिथेच होती. महिपतने तिला विचारलं की ठाण्याला तिला काय आवडत होतं. तिने सांगायला सुरुवात केली तेव्हा पुष्कळ निघालं.

त्या उन्हाळ्यात त्यांनी ओढ्याकाठच्या खाचराशेजारी वेगळं खोपट घातलं. भांडण होऊन वेगळं होणं गावाला समजलं असतं, पण हसतखेळत वेगळी चूल मांडणं हे लोकांना पटेना. रखमाबाई महिनाभर तिकडे फिरकली नाही. मग एके दुपारी ठकूला पाहायला म्हणून आली, जेवून गेली, आणि पुढे रोजच येऊ लागली. वेळेवर जेवण इथेच मिळतं, असं ती थोरल्या सुनेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणे. धोंडीबाच्या मनावरचंही ओझं उतरलं. आता तो महिपतला कामं सांगत नसे, सल्ला विचारी.

शतक संपत आलं तेव्हा धोंडीबाचा मोठा मुलगा रतन भरती झाला. त्याने विचारून, सगळ्यांच्या पाया पडून नाव घातलं. त्याचं लग्न नुकतंच झालेलं होतं. बायकोचं नाव कमळा. वर्षभराने पुण्याच्या छावणीत त्याला खोली मिळाली आणि बायकोला पाठवा असा निरोप आला. धोंडीबाने नकार दिला. मुलगा गेला तो गेला, सूनही गेली तर लावणीला कोण. कमळा भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत बसली.

दिराशी आवडा उभ्या आयुष्यात समोरासमोर बोलली नव्हती. त्या दिवशी ती महिपतबरोबर थोरल्या घरी गेली, दाराच्या आत उभी राहिली आणि बोलली.

"भाऊजी, तिला पाठवा. तिच्या वाटची लावणी मी करीन, हे करतील. ती इथं राहिली तर रोज रस्त्याकडं बघंल, आणि तो तिथं रोज घराकडं बघंल. मग एक दिवस तो परत येईल आणि आपण म्हणू, बरं झालं. कोणाला बरं झालं ते मात्र विचारायचं राहील."

धोंडीबाने भावाकडे पाहिलं. महिपत म्हणाला, ती सांगते ते खरं आहे.

कमळा त्या आठवड्यातच गेली. महिपतने तिला गाडीत बसवून दिलं. आवडाने तिच्याबरोबर तांदूळ, सुकट आणि एक नवा तवा दिला, आणि सांगितलं की पहिल्या दिवशीच जमीन सारवून घे, मग ती खोली आपली वाटते. रतन पुढे बरीच वर्षं पलटणीत टिकला. लावणीला तो क्वचितच येई. त्याच्या खाचरात महिपत आणि आवडा उतरत, आणि त्यावरून घरात कधी कोणी तोंड वाकडं केलं नाही.